माणशी अर्धं माप

बर्लिनच्या कपाटात ठेवलेल्या मातीच्या पाटीचा फोटो
मी हिल्ल्याच्या स्वयंपाकघरात आईला दाखवते.
तळहाताएवढी पाटी, कडा झिजलेल्या,
अक्षरं खिळ्याच्या टोकाने टोचल्यासारखी.

"कोंबडी नाचली काय यावर?"
विचारते, आणि कणीक तिंबत राहते.

मी सांगते, हा पुरावा आहे.
पोथीत एक राजा आहे, यहूदाचा.
अठराव्या वर्षी गादीवर, गादी तीन महिन्यांची,
मग वेढा, शरणागती,
मग आई, बायका, चाकर, सगळ्यांसकट
इकडची वाट. आपल्या नदीची.
पोथीत आहे म्हणून माणूस होता, असं थोडंच?
मग इथेच, बाबिलच्या राजवाड्यात, कमानींखालच्या खोल्यांत
कोठाराचा हिशेब सापडला.

मी पडद्यावर बोट फिरवत वाचते:
याउ-किनु, यहूदाचा राजा. तेल, दहा मापं.
राजाचे पाच मुलगे. तेल, अडीच मापं.
हस्ते कनामा.

राज्य गेलं, गादी गेली, हाती तेल आलं.

आईचे हात थांबतात.
बारा वर्षं रेशनवर घर चालवलेली बाई,
तिला कागद लागत नाही.
"पाचांत अडीच. माणशी अर्धं.
वाढत्या पोरांना एवढंच?
त्यातून त्या कनामाने बोट बुडवलंच असणार.
वाटणारा चाटतोच."

मग म्हणते, "पोरांची नावं?"
नाहीत. नुसते पाच.
"वाटणाऱ्याचं आहे."
वाटणाऱ्याचं आहे.

ती हात पुसते, साखरेच्या डब्यामागून
प्लास्टिकची पिशवी काढते. पिशवीत पिशवी, तिच्यात कार्ड.
कुटुंबप्रमुख: नुऐम जब्बार. माणसं: पाच.

एक्क्याण्णवच्या मार्चमध्ये बाबा रॉकेल आणायला गेले.
डबा परत आला, शेजाऱ्याच्या हातून, रिकामा.
ठाण्यात नोंद नाही. दवाखान्याच्या वहीत नाही.
छावणीच्या फाटकावरचा शिपाई म्हणाला,
असा कुणी माणूसच नव्हता, जा घरी.

पण दर महिन्याला अबू शाकिरच्या दुकानात
माणसं पाचच होती.
पीठ पाचांचं, चहा पाचांचा, तेल पाचांचं.
अबू शाकिरला ठाऊक होतं. त्याने कधी वर पाहिलं नाही,
जांभळ्या पेनाने खूण करायचा
आणि तराजूच्या काट्याकडे बघत बसायचा.
(पिठात वाळू असायची, तेही खरं.)

बाबांच्या वाट्याचं तेल आई वेगळ्या बाटलीत ठेवायची.
सात महिने ठेवलं.
मग मला गोवर आला, घरात थेंब नव्हता,
तिने बाटली उघडली आणि पुन्हा वेगळी भरली नाही.
हे ती आज पहिल्यांदा बोलली,
तेही माझ्याकडे नाही, कणकेकडे बघत.

फोनशेजारी तिने कार्ड ठेवलं,
घडीवर शाई उडालेलं.
"ती पाटी भाजलेली आहे?"
माहीत नाही, मी म्हणाले. काही नुसत्या उन्हात वाळवत.
"कागद वाळवून टिकत नाही,"
ती म्हणाली, आणि कार्ड परत पिशवीत, पिशवी पिशवीत.

तंदूर तापला होता. ती एकेक भाकरी आत थापत होती,
कोपरापर्यंत हात घालून, जळण्याची भीती नसल्यासारखी.
पाठमोरीच विचारलं,
"पोथीत तरी आहेत का त्या पोरांची नावं?"

आहेत. पण पाच नाहीत, सात आहेत.

"सात?"
तिने वळून पाहिलं. गालाला पीठ.
"म्हणजे दोन इथे झाले. त्यानंतर."
हिशेब जुळल्यासारखं थोडं हसली.
"म्हणजे पुरलं तेल."