श्री. व सौ.

लक्ष्मीपुरीत, धान्यबाजारामागच्या बोळात
चाळीस वर्षं छापतोय मी.
बिलबुकं, बारशी, दहाव्याची पत्रं,
तालमीच्या मंडळाच्या पावत्या.
एकदा तर बैलाच्या वाढदिवसाचं कार्ड,
वर बैल, खाली निमंत्रक म्हणून अख्खी गल्ली.
हसलो, पण छापलं.
सोनेरी शाईत.

उधारी सोडली तर
नाही म्हणायची वेळ कधी आली नव्हती.

त्या दोघी मंगळवारी आल्या, लाइट गेलेली असताना.
वैजयंता शिंत्रे, एसटीत कंडक्टर,
खांद्यावर अजून बॅगेच्या पट्ट्याचा वळ.
हेमल बुगडे, उद्यमनगरात लेथवर,
नखांत माझ्यासारखंच काळं.
फुलेवाडीत दोन खोल्या घेतल्यात म्हणाल्या,
वास्तुशांतीची साठ कार्डं हवीत.
कागद हलका चालेल,
नावं मात्र एका ओळीत.

जुन्या ट्रेडलच्या खणात माझ्याकडं
'श्री. व सौ.' असा जोडून ओतलेला ठसा आहे.
सारखा लागतो म्हणून वडिलांनी करून घेतलेला.
आता सगळं कॉम्प्युटरवर,
पण तिथंही आधी तेच उमटतं,
माणसं मागनं येतात.

विचारलं, नातं काय घालू?
"घर आमचं हाय. तेवढं घाला."
बहिणी लिहितो.
"बहिणी न्हाई."
मग मैत्रिणी?
वैजयंतानं सांगितलं तेव्हा,
गर्दीत पुढचा स्टॉप पुकारावा तसा आवाज,
लाज नाही, भांडण नाही.

मी पाचशेची नोट परत सरकवली.
म्हटलं, मशीन बिघडलंय.
नेमकी तेव्हाच लाइट आली
आणि मागं मशीन धडधडायला लागलं.

कुणी काही बोलेना.
हेमलनं मान तिरकी करून ऐकलं.
"डावीकडचं बेअरिंग कोरडं पडलंय, काका.
बघून घ्या. येतो आम्ही."

येतो.
माझी आई जन्मभर असंच बोलली.
मी आलो, मी जेवलो, मी दमलो बाबा.
ह्या गावात बायकांच्या क्रियापदाला
दारात अडवून कुणी विचारलं नाही
तू नक्की कोण म्हणून.

शेजारचा फ्रेमवाला म्हणाला,
दुकान तुझं, शटर तुझं. नको वाटलं, नको.
वकील म्हणाला, दोन्ही बाजूंनी बोलता येईल,
आणि चहाचे पैसे मला द्यायला लावले.

चहावरनं आज्जा आठवला.
पेठेतल्या हॉटेलात त्याला बाहेर उभं करून सांगायचे,
दूध नासलंय.
आत कपबश्या वाजत असायच्या.
आज्जा हे हसत सांगायचा,
दरवेळी सांगायचा,
मरायच्या आठवड्यातही सांगितलं.
वडिलांनी प्रेस टाकली तेव्हा
पाटीवर आडनाव मुद्दाम मोठं घातलं,
लांबनं वाचता यावं असं.
त्या पाटीखाली बसून मी म्हणालो
मशीन बिघडलंय.

बेअरिंग बदललं. तिचंच बरोबर होतं.

काल रात्री तो जुना ठसा काढला,
हेक्सॉनं दोन्हीकडनं कापला.
श्री. एका खणात पडला, सौ. दुसऱ्यात.
मधला व तेवढा हातात राहिला,
दाण्याएवढा, गुळगुळीत,
किती लग्नं खाल्लेली त्यानं.
तो दोन नावांच्या मध्ये बसवला.
जरा खाली बसतोय, ओळ सोडून.
कागदाची चिठ्ठी घालून उचलायला लागंल.

तारीख कधीच गेली असणार.
पत्ता घेतला नव्हता.
स्टँडवर दोनदा जाऊन आलो,
गारगोटीची गाडी, राधानगरीची गाडी,
दाराशी उभं राहून आत बघितलं.
एक कंडक्टर म्हणाला,
चढायचं असलं तर चढा की,
वाट सोडा.