रिकामी पेंढी

नाताळला सिग्व्हार्टनं कुंपणाच्या खांबाला
ओटची पेंढी बांधली, पाखरांसाठी.
वडील बांधायचे तशीच, जरा तिरकी.

आता जानेवारीची तेरा तारीख.
झाड घराबाहेर, दिवे खोक्यात,
पेंढीत नुसतं काड.
पाखरं मात्र येतातच.
सण संपल्याचं
त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

नॉर्वेतल्या या उतारावर दहाला कुठं उजाडतं.
तो चरफडत बूट चढवतो,
"फुकटे लेकाचे!"
आणि खिसाभर दाणे घेऊन निघतो.

परतताना शेजारच्या ओडलॉगच्या
पायऱ्यांवरचा बर्फही ओढतो बाजूला.
हातभर जमिनीपायी
चौदा वर्षं अबोला आहे दोघांत.

फावडं दगडावर खरवडतं.
आतला पडदा हलतो,
बस्स, एवढंच.

उद्या पुन्हा बर्फ पडणार आहे.