नात्याचा रकाना

फॉर्मवर नात्याचा रकाना नव्हताच.
तंबू किती, रात्री किती, माणसं किती, एवढंच.
रॉक हार्बरच्या धक्क्यावर रेंजर पोरगी
पेनाला टोपण लावता लावता सहज म्हणाली, "बहिणी का?"
इरावती "हो" म्हणाली, मी "नाही",
एकाच वेळी.
मग तिघीही हसलो, आणि तिने नियम सांगितले:
पाणी गाळूनच प्या. शेकोटी नाही.
मूस अंगावर आला तर झाडामागे व्हा.
लांडगे बहुधा दिसणार नाहीत.
फोनचं आम्ही विचारलं नाही.
त्याने सुपीरियरच्या मधोमधच मान टाकली होती.

तिचा भाऊ आणि मी अठरा वर्षं एका घरात राहिलो,
कलामझूमध्ये, मेपलच्या झाडाखालच्या.
मार्चमध्ये न्यायाधीशबाईंनी सात मिनिटांत आवरलं.
घर, गाडी, पेन्शन,
सासूबाईंची दोन पितळी पातेलीसुद्धा
एकेक करून वाटली गेली.
नणंद कुणाच्या वाट्याला,
हे कुणी लिहून घेतलं नाही.

पहिले दोन दिवस बोललो ते फक्त पायांबद्दल.
टाच. अंगठ्याचं नख. डाव्या गुडघ्याचं ते नेहमीचं.
बेटाचा कणा चढून वर आलो
तर एका अंगाला तळी, तळ्यात बेटं,
दुसऱ्या अंगाला ते अफाट पाणी, ज्याला सरोवर म्हणवत नाही,
आणि त्याच्याही पलीकडे कॅनडा, पुसट, खडूने ओढलेला.
"मेला काय वारा आहे," इरावती म्हणाली.
मी चष्मा पुसला.

दलदलीवर नुसत्या दोन फळ्या टाकलेल्या,
एका वेळी एकीनेच जायचं.
ती पुढे गेली, पलीकडे थांबली,
थिंबलबेऱ्या तोडून माझ्या ओंजळीत घातल्या
वाण दिल्यासारख्या.
मी पदर नसताना पदर सावरला
आणि खाऊन टाकल्या, आंबटढाण.

हॅचेट लेकला तिसरी रात्र.
स्टोव्हवर भात, त्यावर मेतकूट,
तूप एका जुन्या औषधाच्या बाटलीत.
खारीने एक चमचा पळवला.
तंबूत दोन झोपायच्या पिशव्या शेजारी शेजारी
आणि बाहेर लून ओरडतोय,
कुणाचं तरी काहीतरी हरवल्यासारखा, पण हसत.

तेव्हा ती म्हणाली, छताकडे बघत,
"मला माहीत होतं.
तुला कळायच्या दोन वर्षं आधीपासून."

मी काय म्हणणार होते, आता आठवत नाही.
कारण तेवढ्यात पाण्यात काहीतरी जड शिरलं.
पचाक. पचाक. मग श्वास,
घरातल्या जुन्या गिझरसारखा.
कापडापलीकडे वीस पावलांवर मूस पाणवनस्पती चावत होता
आणि तंबूत झाड कुठून आणायचं?
इरावतीने माझं मनगट धरलं.
मी ते सोडवून घेतलं नाही,
उलटून तिचंही धरलं नाही.
तो निवांत जेवत राहिला,
अर्धा तास, की पाच मिनिटं.

सकाळी दोन लिटर पाणी गाळलं.
ती पंप मारत होती, मी नळी धरून.
दर पन्नास झटक्यांनी हात बदलायचा, हे ठरलेलंच.
"का नाही सांगितलंस," मी विचारलं
साधारण तिसाव्या झटक्याला.
ती मोजत राहिली. एकतीस. बत्तीस.
पन्नासला म्हणाली, "घाबरले. तू जाशील म्हणून."
मी पंप घेतला.
एक. दोन.

तंबू उतरवताना वारा पुन्हा उठला,
कापड फुगलं, तळ्याकडे निघालं,
आणि माझ्या तोंडून गेलं
जे लग्नाच्या पहिल्या वर्षी थट्टेने म्हणायचे,
ती चिडायची म्हणून मुद्दाम:
"अहो वन्सं, दांडा धरा की!"

तिने धरला.
शिवी हासडली, मराठीत, चांगली ठसठशीत.
घडी काही नीट बसेना,
तशीच कोंबली पिशवीत, अर्धी ओली.
विंडिगोची बोट परवा दुपारी,
अजून वीस मैल.