आवक-जावक

बुधवारी जिल्ह्याहून लखोटा आला.
मी आवक वहीत चढवला: क्रमांक चारशे बारा,
विषय, निष्ठापत्राचा नमुना. सोबत, एक पान.
त्या आठवड्यात खाडीपल्याड
दोन होड्या जळाल्या होत्या, अल्याडची एक.
कोणी जाळल्या, याला वहीत रकाना नाही.

नमुना बारा ओळींचा.
‘मी, अमुक, नगरपरिषद मुणगोळी, पद तमुक,
शपथेवर लिहून देतो की पल्याडच्यांशी माझा
कसलाही संबंध नव्हता, नाही, नसेल.’
तिन्ही काळ एका श्वासात.
आमच्या केळुसकर मास्तरांनी
व्याकरणाच्या तासालाही एवढी घाई केली नव्हती.

सभागृहात खुर्च्या एकवीस.
आरोग्य सभापती पहिला आला, स्वतःचं पेन घेऊन,
सही अशी दाबून केली की कार्बनला भोक पडलं.
बाजार समितीचे तिघे एकत्र आले
आणि एकमेकांकडे न बघता गेले.
दाऊद होडेकरला साहेबांनी मोठ्याने वाचायला लावलं,
दोनदा.
आधीच्या चौघांना नव्हतं लावलं.
तो वाचत होता तेव्हा
पंख्याची करकर मला पहिल्यांदा ऐकू आली.
दुसऱ्या दिवशी तो परत आला, प्रत मागायला.
‘पुलावरच्या नाक्यावर दाखवायला,’ म्हणाला.
मी शिक्का दोनदा मारला. तेवढंच माझ्या हातात होतं,
असं तेव्हा वाटलं.

वॉर्ड नऊच्या भागिरथी मेथर
ओली पाटी दाराबाहेर ठेवून आत आल्या.
‘संबंध म्हणजे काय, ता सांग माका.
माजी दोन चेडवां, दोनय पल्याड दिलेली.
पायप खाडीच्या बुडातसून जाता,
टाकी आमची, तोटी त्यांची.
ह्यो संबंध, की पाणीपट्टी?’
मी म्हटलं, बाई, कागदावर रिकामी जागा
फक्त नावाची आणि पदाची आहे.

देवळात असं नसतं.
गुरव पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतो,
उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही,
आणि एखाद्या दिवशी
दुपार टळली तरी एकही पडत नाही.
गाऱ्हाणं घातलेलं असतं, माणसं उन्हात ताटकळतात,
मग कुणीतरी धोतर झटकून म्हणतं,
आज देवाच्या मनात नाही, उद्या बघू.
देवाची जागा रिक्त झाल्याचं
कुणी कळवत नाही जिल्ह्याला.

बाई सही न करता उठल्या.
पाटी डोक्यावर घेताना विचारलं,
‘मगे फाल्या पाणी कोण सोडतलो?’
त्यांच्या नावापुढे मी लाल शाईनं ‘रिक्त’ लिहिलं.
माझं अक्षर चांगलं आहे.
सगळे म्हणतात.

वॉल्व फिरवणारा येसू धुरी, त्याचंही पद निघालं.
मी बारा ओळी वाचून दाखवल्या,
त्यानं मध्येच जांभई दिली, मग अंगठा दिला,
शाई लेंग्याला पुसली,
आणि दुसऱ्या पहाटे दोन्ही वॉल्व
रोजच्यासारखे सोडले,
अल्याडचा आणि पल्याडचा.
मुख्याधिकाऱ्यांना हे ठाऊक होतं का?
त्यांची मावशी पल्याड राहते.
मी विचारलं नाही.

शनिवारी गठ्ठा बांधला. जावक क्रमांक दोनशे नव्वद,
सोबत, त्रेसष्ट पानं.
कचेरीत माणसं चौसष्ट.
मोजणाऱ्याला कुणी मोजत नाही,
हे मला सव्वीस वर्षांच्या नोकरीत
त्या दिवशी कळलं.
माझा नमुना खणात आहे, शिक्क्यांच्या डबीखाली,
नाव भरलेलं, पद भरलेलं.
हे धैर्य नाही. रोज सकाळी पेनाचं टोपण काढतो,
आणि कुणीतरी जन्माचा दाखला मागायला येतं.

घरी पहाटे साडेपाचला जाग येते.
अंथरुणातच ऐकत राहतो.
आधी नळातून नुसती हवा येते,
तो खाकरतो, थांबतो, पुन्हा खाकरतो,
शपथेला उभा राहिल्यासारखा,
आणि मग काहीच न बोलता
पाणी.