तो हसला ना

लिफ्टची एकतीसच्या एकतीस बटणं
रेयांशनं तळहात फिरवून दाबली
आणि दार मिटायच्या आत बाहेर उडी मारली.
आत, खांद्यावर वीस लिटरचा कॅन घेतलेला माणूस.
आता प्रत्येक मजल्यावर दार उघडणार,
कुणीच नसणार, मिटणार.
सर्व्हिस लिफ्ट त्या दिवशी बंद होती.
नाहीतर यांची गाठच पडत नाही.

"असं का केलंस?"
"गंमत. आणि तो हसला ना, मम्मा."

नऊ वर्षांचं पोर.
कासवांच्या नाकात अडकणाऱ्या स्ट्रॉवर
पोस्टर केलं, रडत रडत रंगवलं,
शाळेत दुसरं बक्षीस.
वाईट नाही तो.
त्याला हसू वाचता येत नाही, एवढंच.
शिकायची वेळच आली नाही कधी.

मला येतं.
मी त्या हसण्याच्या घरात वाढले.

अप्पा मलबार हिलच्या शेठची गाडी चालवायचे.
केम्प्स कॉर्नरला शेठच्या मुलानं
मागच्या सीटवरून त्यांची टोपी उचलली
आणि खिडकीबाहेर भिरकावली.
अप्पांनी गाडी बाजूला घेतली,
बसखाली चेपलेली टोपी आणली, झटकली,
आणि हसले.
"फार मस्तीखोर आहे बाबा," असं चहा पिताना
आईला सांगितलं त्यांनीच.
मग माझ्या हातून शाई सांडली.
युनिफॉर्मचा पट्टा, पितळी बकल.

काळाचौकीच्या त्या चाळीत भिंती फळ्यांच्या.
शेजारच्या भोवडबाईंना सगळं ऐकू गेलं.
त्यांनी रेडिओचा कान पिळला.
सकाळी वाटीभर शिरा पाठवला, वर झाकण.
अजून ठरत नाही मला, ती माया होती
की वाटी परत द्यायला गेल्यावर
वळ बघायचे होते.

गोष्ट मी नेहमी इथं थांबवते,
नवऱ्याच्या मित्रांसमोर, जेवण झाल्यावर.
सगळे गप्प होतात. मला बरं वाटतं.

पुढचं सांगत नाही:
त्याच सकाळी नळावर
संडास धुणाऱ्या बाईची जमनी
रांगेत माझ्यापुढे होती.
तिची भरलेली कळशी
मी लाथेनं कलंडवली.
कुणी काही बोललं नाही.
रांग एक पाऊल पुढं सरकली.
ती हसली होती का?
माहीत नाही. मी बघितलंच नव्हतं.

रेयांशला दंडाला धरून गेटवर नेलं.
"सॉरी अंकल,"
स्पष्ट, गोड, डोळ्यांत बघून,
त्याच्या शाळेत शिकवतात तसं.
माणूस हसला.
तेच.

चार वर्षं पितोय आम्ही
त्याच्या खांद्यावरचं पाणी.
नाव वॉचमनच्या वहीत सापडलं: जोखन.
मुलं किती, विचारलं.
एकच, म्हणाला, याच्याएवढा,
आणि रेयांशच्या डोक्यावर ठेवायला उचललेला हात
अर्ध्यातून मागं घेतला.

रात्री बाल्कनीच्या काचेशी उभी राहिले.
वडाळ्याकडचे दिवे दिसतात इथून,
संगमनगर नेमकं कुठलं, कळत नाही.
ऐकू तर काहीच येत नाही.
दुहेरी काच आहे.
फ्लॅट बघायला आलो तेव्हा
पहिली हीच गोष्ट मला आवडली होती.