कातरलेली कड

त्रिएस्तेत बोरा वारा सुटला
की मी खिडकीच्या फटींत जुनी वर्तमानपत्रं कोंबतो.
पोस्टरं नाही. पोस्टरं लोखंडी कपाटात, पालथी.
पोस्टरचं वय पाठीवरून कळतं,
तोंडाने सगळी तरुणच.

बत्तीस वर्षं बंदराच्या जकातीत होतो,
पेटी न उघडता आत काय ते सांगायचो.
आता घड्या उलगडतो, इतकाच फरक.

ओंदिना पेर्तोत आली
नळकांडं पोटाशी धरून,
टोपी वाऱ्याला देऊन.
अठ्ठेचाळीस सालचं आहे, म्हणाली.
आई-बाबा ह्याच सिनेमाच्या रांगेत भेटले.
बाबा पोस्टरं चिकटवायचे.
आई त्यांना म्हणाली, अहो, तुमचा कोपरा सुटलाय.
आणि एकोणपन्नासच्या नोव्हेंबरात मी.

मी कॉफी ठेवली. भिंग पुसलं.

आधी घड्या: तीन आडव्या, एक उभी,
उभीवर शाई मेलेली.
मग ठिपके. दगडावरच्या छपाईला रवा असतो,
इथे जाळी होती, मच्छरदाणीसारखी सरळ.
मग नावं. नायिकेचं नाव
नायकाच्या डोक्यावर, हातभर अक्षरांत.
अठ्ठेचाळीसमध्ये तिला कोण विचारत होतं?
तेव्हा ती तळाशी असणार, केशभूषाकाराच्या शेजारी.

मी मान वर केली नाही.

आणि खालची कड.
जिथे छापखाना असतो, पत्ता असतो,
आणि सिनेमा दुसऱ्यांदा लागला असेल तर
तसं सांगणारा एक बारीक शब्द,
ती दोन बोटं पट्टी नव्हतीच.
उंदराने नाही, ओलीने नाही.
कडेला बारीक दात होते, एकसारखे,
कापडाचे दोरे सुटू नयेत म्हणून
शिंपी चालवतात त्या कात्रीचे.

आई काय करायची तुमची?
कपडे शिवायची, ओंदिना म्हणाली,
आणि कॉफीत बघत राहिली.

उजव्या कोपऱ्यात वर एक ठिगळ होतं,
तपकिरी कागदाचं, निगुतीने लावलेलं.
किटलीच्या वाफेवर धरलं, हळूच सोडवलं.
खाली कराचं तिकीट,
त्यावर परक्या फौजेची अक्षरं,
आमच्या गावाला तेव्हा मालक दुसरेच होते,
आणि अक्षरांवर गोल शिक्का:
एकोणीस मार्च, त्रेपन्न.

जकातीत असं सापडलं की आम्ही खोकायचो.
मी खोकलो.
म्हणालो, बाई, हे पोस्टर...

त्रेपन्नचं, ती म्हणाली.
ठाऊक आहे मला. रांगेत मी होते.
चौथं वर्ष, लाल मोजे, आईचा हात.
कोपरा सुटलाय हे मीच म्हटलं होतं.
शिडीवरून ते खाली बघून हसले,
मग खळीचा ब्रश माझ्या हातात दिला
आणि मला उचललं.

बाहेर कुणाची तरी कुंडी फुटली.
बोराच्या दिवसांत आम्ही त्यावर बोलत नाही.

मला साल विचारायचं नव्हतं, ती म्हणाली.
माझा धाकटा भाऊ हे संग्रहालयाला देणार आहे.
ते लोक शेजारी पाटी लावतात.
मला एवढंच हवं होतं,
दिसतं का?

मी खरं ते सांगितलं:
जाळी दिसते, नाव दिसतं,
शोधणाऱ्याला कात्रीसुद्धा दिसते.
बाकीचे नायिकेकडे बघतात.

मग गव्हाची खळ शिजवली, पातळ,
ठिगळ होतं तिथेच, त्याच वाकडेपणाने बसवलं.
कोपरा तिने दाबून धरला,
अंगठ्याने, मधून बाहेर,
शिकवल्यासारखा.

रात्री वहीत नोंद केली.
कड: खालची नाही. किंमत निम्म्याने कमी.
घड्या: चार.
उजवीकडे वर दुरुस्ती. जुनी, घरगुती.
पेन थांबलं, मग लिहिलं,
काढू नये.