सवडीचा रकाना

संचालक म्हणाले, सहा महिने आहेत, माणसं अकरा.
बजेट नाही, शिक्षक नाही, वर्ग भरवायला खोलीही नाही.
ज्याने त्याने ऑनलाइन शिकावं, आपापल्या सवडीने.

मी वहीत रेघा ओढल्या.
धडा, मिनिटं, सराव, चाचणी.
शेवटच्या रकान्यावर ‘सवड’ लिहिलं
आणि पेन तिथेच अडलं.

सोहारमध्ये कुणाकडे सवड किती,
हे कुठल्या रजिस्टरात सापडणार?
खलफान दोनच्या ठोक्याला निघतो, मुली शाळेच्या दारात उभ्या असतात.
रोवेना रात्री फोनवरून मुलाचा अभ्यास घेते,
तेव्हा तिकडे इलोइलोत मध्यरात्र होत आलेली असते.
मुनीराला आठवा लागलाय.
रमजानात तास कमी, झोप त्याहून कमी.
आणि प्रत्येकाच्या व्हिशावर तारीख आहे, माझ्याही.
‘आपापल्या गतीने’ हे त्या तारखेला कोण सांगणार?

तरी धडे ठरले.
पहिला पासवर्डचा: तो मॉनिटरला चिकटपट्टीने डकवू नये.
मग ई-पुस्तकं, मग डेटाबेसमध्ये शोधणं.
प्रिंटर रुसला तर काय, हा धडा आराखड्यात नव्हताच,
खलफान म्हणाला, बाकी राहू दे, आधी तो कर.
तो तिसरा झाला.

आवाज भरला जुन्या वर्तमानपत्रांच्या खोलीत,
एसी बंद करून, त्याची घरघर येऊ नये म्हणून.
जून महिना. समुद्रावरून आलेला दमट उकाडा
पानांना, कागदाच्या पुड्यांना, माझ्या पाठीला चिकटलेला.
अर्धी हिंदी, अर्धी इंग्रजी,
आणि दर वाक्याआधी माझं ‘हं, तर’,
कऱ्हाडच्या शाळेत गणिताच्या बाई म्हणायच्या तसं.
दोन दिवस ते ‘हं, तर’ कापत बसले.
मग कंटाळून राहू दिलं.

पहिला अहवाल आला.
कुंजुमोनने चौथा धडा चाळीस सेकंदांत संपवला,
दहापैकी दहा. (त्याच्याशी बोलायला हवं.)
मुनीराचा दुसरा धडा अकरा दिवस उघडाच,
तिला मुलगा झाला. मी आठवणीची मेल थांबवली.
आणि खाली एक नाव: एलिझाबेथ कुरियन.
रोज रात्री अडीच ते चार.

एलिझाबेथ जानेवारीतच कोट्टायमला परत गेली.
केक कापला होता, मी तिच्या बॅगेला दोरी बांधून दिली होती.
खातं बंद करायचं राहिलं, ते मीच विसरले,
मी, जिने पहिल्याच धड्यात सांगितलंय
गेलेल्या माणसाचं खातं त्याच दिवशी बंद करा.
तिच्या मॉनिटरखाली अजून चिकटपट्टी होती,
चिकटपट्टीखाली आठ अक्षरं.

प्रिंटरच्या चाचणीत ही एलिझाबेथ सहा वेळा नापास.
सातव्यांदा पास.

रविवारी सकाळी फाटकावर टेकबहादुर
रात्रपाळी संपवून बुटातली वाळू झटकत होता.
किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात देत म्हणाला,
“हं, तर, मॅडम, दुसऱ्या मजल्याचा प्रिंटर आता ठीक आहे.”
बाकीचं हिंदीत. ‘हं, तर’ मात्र कऱ्हाडचं.

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, मीही त्याच्याकडे नाही.
किल्ल्या अजून कोमट होत्या.

वर जाऊन एलिझाबेथचं खातं बंद केलं.
नियम तो नियम, शिवाय तो मीच शिकवलेला.
मग बारावं नाव भरलं.
पदाच्या यादीत रखवालदार नव्हता, ‘इतर’ निवडलं.
नवं खातं शून्यापासून सुरू होतं, यंत्राला दुसरं काही येत नाही,
म्हणून त्याचे तीन धडे हाताने इकडे आणले,
नापास झालेल्या सहा वेळाही, गाळल्या नाहीत.

संचालकांना काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.
वही उघडली.
अकरा ओळींत सवडीचा रकाना कोराच होता.
बाराव्या ओळीत लिहिलं:
रात्री अडीच ते चार.